मेजावरील सुरीची धार

स्वयंपाकघरातील सुरी आणि जेवणाच्या मेजावरील सुरी या दिसायला सख्ख्या बहिणी असल्या, तरी त्यांच्या वाट्याला येणारे आयुष्य अगदी निराळे असते. स्वयंपाकघरातील सुरी लाकडी पाटावर चालते. ती बहुधा एकाच माणसाच्या हातची असते आणि तिची धार गेली की त्या माणसाला ते लगेच जाणवते. मेजावरील सुरीला यांपैकी काहीच लाभत नाही. ती चिनी मातीच्या ताटलीवर चालते, आज एका पाहुण्याच्या हातात तर उद्या दुसऱ्याच्या, आणि तिचा बोथटपणा लक्षात आला तरी जेवणाऱ्याने सौजन्य म्हणून गप्प बसावे अशी रीत आहे. भाजलेल्या मांसाचा जाड काप, ज्याला जगभर स्टेक या इंग्रजी नावाने ओळखले जाते, तो पानात आला म्हणजे मात्र या सुरीची खरी परीक्षा होते.

ही परीक्षा मांस घेते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. शिजलेले मांस हा मऊ पदार्थ होय. त्यातील तंतू कितीही चिवट असले, तरी पोलादाची धार झिजवण्याइतके ते कठीण नसतात. धार जाते ती काप आरपार कापला गेल्यानंतर, पाते खालच्या ताटलीला टेकते त्या क्षणी. चिनी मातीच्या भांड्यावर काचेसारखा जो लेप असतो, त्याची कठिनता चांगल्या सुरीच्या पोलादाच्या तोडीची असते. ताटली जाड, अचल आणि न वाकणारी. धार मात्र केसाहूनही बारीक. अशा दोघांची गाठ पडली म्हणजे माघार कोणी घ्यायची हे ठरलेलेच असते. पांढऱ्या ताटल्यांवर काही महिन्यांच्या वापरानंतर करड्या रेघा उमटलेल्या दिसतात. गृहिणी त्यांना ओरखडे समजतात. पुष्कळदा ते ओरखडे नसतातच. कागदावर शिसपेन्सिल झिजावी तसे सुरीचे पोलाद त्या लेपावर झिजून राहिलेले असते. भांडी घासण्याच्या सौम्य पावडरीने घासल्यास त्या रेघा बहुतेक निघून जातात. सुरीचे गेलेले पोलाद अर्थातच परत येत नाही.

सुरीची निवड आणि निगा यांविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, त्यातील बरेचसे या एका गोष्टीतून निघते.

युरोपात ताटली नेहमीच अशी कठीण नव्हती. मध्ययुगात मांस शिळ्या पावाच्या जाड कापावर किंवा लाकडी फळीवर वाढले जाई. श्रीमंतांकडे कथलाच्या मिश्रधातूची ताटे असत. हे तिन्ही पदार्थ पोलादापेक्षा पुष्कळ मऊ. सुरी प्रत्येकाची स्वतःची असे, कमरेच्या म्यानातून ती बाहेर निघे आणि काट्याचा प्रसार होण्यापूर्वी घास टोचून तोंडाशी नेण्याचे कामही तिच्या टोकाकडे असे. पुढे तीन बदल एकामागून एक घडले आणि त्या प्रत्येकाने मेजावरील सुरीचा थोडा थोडा तेजोभंग केला.

पहिला बदल आकाराचा. काटा रूढ झाला तशी टोकाची गरज संपली; शिवाय जेवताना मद्य आणि भांडणे यांचे साहचर्य राजसत्तेला खटकत होतेच. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६६९ साली टोकदार सुऱ्यांना मनाई केली, असे इतिहासकार सांगतात. मेजावरच्या सुरीचे टोक त्या शतकात गोल झाले ते आजतागायत गोलच आहे. दुसरा बदल ताटलीचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातील कुंभारांनी, विशेषतः जोसाया वेजवुडने, झिलईदार भांडी मध्यमवर्गाच्या आटोक्यात आणली आणि पाव, लाकूड व कथील मेजावरून हटले. तिसरा बदल स्वतः पोलादाचा. तो विसाव्या शतकातला असून त्याची हकीकत थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

अगंज पोलादाची हकीकत

जुन्या सुऱ्या साध्या, म्हणजे केवळ कार्बनयुक्त पोलादाच्या असत. इंग्लंडमध्ये या धंद्याचे केंद्र शेफील्ड होते. तेथील सुऱ्या करणाऱ्या कारागिरांच्या संघाला १६२४ साली संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली. या पोलादाला धार अप्रतिम येई, पण लिंबू, व्हिनेगर किंवा फळांचा रस लागला की पाते काळे पडे आणि पदार्थालाही लोखंडाची चव येई. मासे व फळे यांसाठी चांदीच्या पात्याच्या वेगळ्या सुऱ्या ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली. तिच्यामागे डामडौलापेक्षा रसायनशास्त्र अधिक आहे. प्रत्येक जेवणानंतर नोकर ब्रिजवॉटर गावी होणाऱ्या ‘बाथ ब्रिक’ नावाच्या विटेची पूड फळीवर टाकून पाती चकचकीत करीत. या रोजच्या घासण्याने सुऱ्या झिजत खऱ्या, परंतु त्या नित्य कोणाच्या तरी नजरेखालून जात आणि त्यांना धारही लावली जाई.

न गंजणाऱ्या पोलादाचा शोध जवळजवळ शंभर वर्षे हाती येता येता निसटत राहिला. त्याच्या आरंभीच्या टप्प्यावर भारताचा संबंध येतो. मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली येथील ‘वूट्झ’ या नामांकित पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्यांच्या परीक्षणात भाग घेणाऱ्या जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराने पुढे मायकेल फॅरडेच्या साहाय्याने पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले आणि त्यांचा वृत्तांत १८२० साली प्रसिद्ध झाला. लगेच १८२१ मध्ये प्येर बेर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञाला असे दिसून आले, की लोखंडात क्रोमियम मिसळल्यास काही आम्ले त्याच्यावर चालत नाहीत. सुऱ्यांसाठी ही मिश्रधातू वापरावी, असे त्याने सुचवलेही होते. पण तेव्हाच्या मिश्रणात कार्बन इतका जास्त राही, की धातू ठिसूळ होई. १८९२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड या मोठ्या धातुतज्ज्ञाने तर क्रोमियममुळे पोलाद अधिक लवकर खराब होते, असा निष्कर्ष काढला. त्याने परीक्षेसाठी तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरले होते. मेजावर सल्फ्युरिक आम्ल कोणी वाढत नाही, व्हिनेगर वाढतात, हा साधा फरक त्या प्रयोगातून निसटला.

अखेर शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्ली याच्या हाती हे पोलाद लागले, तेही बंदुकीच्या नळ्यांची आतून होणारी झीज थांबवण्याचा उपाय शोधताना. १९१३ च्या ऑगस्टमध्ये त्याने ओतलेल्या पोलादात क्रोमियम १२.८ टक्के व कार्बन ०.२४ टक्के होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी अशा पोलादाचे नमुने आम्लात बुडवावे, तर आम्ल त्यांच्यावर चालेना. ब्रिअर्ली गरीब कामगाराच्या घरात जन्मला होता आणि सुऱ्यांच्या गावात वाढला होता. या हट्टी धातूचा उपयोग बंदुकीपेक्षा मेजावर आहे, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. धंदेवाईकांना मात्र ते पटेना. हे पोलाद घडता येत नाही आणि घासता येत नाही, अशा तक्रारींसह नमुने परत आले, आणि गावात ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक’ अशी त्याची थट्टा सुरू झाली. मोझ्ली यांच्या कारखान्याचा व्यवस्थापक अर्नेस्ट स्ट्युअर्ट याने ती पाती व्हिनेगरमध्ये ठेवून पाहिली, ती डागाळली नाहीत, आणि ‘स्टेनलेस’ म्हणजे न डागाळणारे हे नाव त्यानेच रूढ केले. मराठीत या पोलादाला अगंज पोलाद असा प्रतिशब्द आहे. दोन्ही नावांत थोडी अतिशयोक्ती आहे, हे पुढे दिसेल.

थट्टा पूर्णपणे निराधार मात्र नव्हती. नव्या पोलादाला घडवण्याचे आणि पाणी देण्याचे तंत्र कारागिरांच्या हाती बसेपर्यंत सुऱ्या खरोखरीच नीट कापत नसत. तंत्र बसले तेव्हा दुसरीच अडचण पुढे आली. चकचकीत राहण्यासाठी घासावे लागत नाही म्हटल्यावर सुऱ्यांकडे पाहण्याचेच लोकांनी सोडून दिले. घरोघरचे नोकरही याच काळात कमी झाले. गोल टोकाची, कठीण ताटलीवर चालणारी आणि कधीही धार न लावली जाणारी अशी सुरी मग लोणी लावण्यापुरती उरली. जाड मांसासाठी वेगळी, टोकदार व धारदार सुरी मेजावर आणावी लागली ती यामुळे. स्टेकची सुरी ही नवी चैन नसून मेजावरील जुन्या सुरीच्या गेलेल्या गुणांची भरपाई आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

अर्जेंटिनात हा सारा इतिहास जणू घडलाच नाही. तेथील गुराखी, ज्यांना गाउचो म्हणतात, स्वतःची सुरी पाठीमागे कमरपट्ट्यात खोचून बाळगीत आणि निखाऱ्यावरचे मांस तिनेच खात. आजही त्या देशात भाजलेले मांस लाकडी ताटलीत वाढण्याची पद्धत अनेक ठिकाणी टिकून आहे. लाकूड धारेला मारत नाही. भारतात तर कापण्याचे काम विळीवर किंवा खाटकाच्या दुकानात उरकूनच अन्न पानात येते आणि बोटांना सुरीची गरज पडत नाही. पोर्तुगीज वळणाचा ‘बीफ’ ज्यांच्या जेवणात आहे अशी गोव्यातील घरे किंवा मोठी हॉटेले हा अपवाद. त्यामुळे येथे या सुऱ्या बहुधा भेट म्हणून मिळतात आणि त्यांच्या निगेची परंपरा घरात नसते.

धार आणि तिची किंमत

दुकानात दोन प्रकारच्या धारा आढळतात, सरळ आणि दातेरी. कोणती चांगली, याचे उत्तर ताटलीपाशीच सापडते. दातेरी पात्याची केवळ टोके ताटलीला टेकतात. दातांमधल्या अर्धवर्तुळाकार खाचा अधांतरी राहतात व त्यांच्यातील धार शाबूत राहते. टोके बोथट झाली तरी अशी सुरी कापत राहते. पण कापणे आणि फाडणे यांत फरक आहे. दाते तंतूंना ओढतात, कापलेली बाजू खरबरीत होते आणि मांसातील रस ताटलीत उतरतो. सरळ धार तंतू स्वच्छ छेदते. जो काप नीट भाजण्यासाठी कोणी मेहनत घेतली आहे, त्याला न्याय तीच देते. मात्र ताटलीवरच्या काही जेवणांतच तिची धार मंदावते.

‘हिला कधीही धार लावावी लागत नाही’ असे ज्या सुरीच्या वेष्टनावर छापलेले असते, तिच्या पात्यावर करवतीसारखे अतिसूक्ष्म दाते असतात. त्या वाक्याचा खरा अर्थ, हिला घरी कधीही धार लावता येत नाही, असा आहे. ते सूक्ष्म दाते झिजले की सुरी टाकून देण्यापलीकडे उपाय नाही. ज्या घरात धार लावण्याची सवय आहे किंवा ती लावून घेण्याची तयारी आहे, तेथे सरळ धारेची सुरी निःसंशय श्रेष्ठ. खानावळ, वसतिगृह किंवा मोठे कुटुंब असेल, तर मोठ्या खाचांची दातेरी सुरी घ्यावी. सूक्ष्म दात्यांची कोणीच घेऊ नये. दाते बहुधा पात्याच्या एकाच बाजूने घासलेले असतात, त्यामुळे कापताना सुरी एका अंगाला सरकते. उजव्या हाताने कापणाऱ्याला ते जाणवत नाही, डावखुऱ्याला जाणवते. घरात डावखुरे माणूस असेल, तर हेही सरळ धारेच्या बाजूने एक कारण होय.

धार ही एकेकाळी माणसांच्या आयुष्याच्या मोबदल्यात मिळत होती, हे विसरता येत नाही. शेफील्डमध्ये पाती वालुकाश्माच्या प्रचंड चाकांवर घासली जात आणि दगडाची सूक्ष्म पूड कामगारांच्या फुफ्फुसांत साचे. तेथील डॉ. नाइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिलेली माहिती फ्रेडरिक एंगेल्सने इंग्लंडमधील श्रमिकांविषयीच्या आपल्या १८४५ च्या ग्रंथात घेतली आहे. कोरड्या दगडावर काटे घासणारे कामगार २८ ते ३२ व्या वर्षी मरत. वस्तरे घासणारे ४० ते ४५ व्या वर्षी. आणि मेजावरच्या सुऱ्या ओल्या दगडावर घासल्या जात असल्यामुळे ते काम करणारे चाळीस ते पन्नासपर्यंत जगत. पाण्याच्या धारेने धूळ थोडी बसे, एवढाच दोघांतला फरक. फ्रान्समधील त्येर गावी द्यूरोल नदीकाठचे कामगार फळीवर पालथे पडून खालच्या चाकावर पाती धरीत. त्या ओल्या गारठ्यात ऊब मिळावी म्हणून त्यांच्या पायांवर त्यांची कुत्री निजत. त्या दृश्याची चित्रे आज पर्यटकांना मोठ्या कौतुकाने दाखवली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कृत्रिम घर्षकद्रव्ये निघाली आणि पुढे धूळ ओढून घेणारी यंत्रे आली, तेव्हा वालुकाश्माची चाके हळूहळू मागे पडली.

निवड

सुरी घेताना खिशात एक लहान लोहचुंबक असावा. चमचे आणि सुऱ्या एकाच संचात, एकाच चकाकीच्या मिळतात, म्हणून त्यांचे पोलाद एकच असावे असे वाटते. तसे नसते. चांगले चमचे व काटे १८ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल असलेल्या पोलादाचे असतात; त्याचा उगम जर्मनीत एसेन येथील क्रुप कारखान्यात १९१२ च्या सुमारास बेन्नो स्ट्राउस व एडुआर्ड माउरर यांनी केलेल्या कामात आहे. हे पोलाद गंजाला उत्तम तोंड देते, पण त्याला पाणी देऊन कठीण करता येत नाही. सुरीच्या पात्याला कठिनता हवी, म्हणून ते ब्रिअर्लीच्या जातीचे, निकेलविरहित किंवा जवळजवळ निकेलविरहित असते. अशा पात्याला लोहचुंबक घट्ट चिकटतो. तो न चिकटल्यास ते पाते म्हणजे सुरीच्या आकाराचा चमचा समजावा. खोक्यावर १८ व १० हे आकडे मोठ्या अक्षरांत असतील, तर ते चमच्यांविषयी आहेत. पात्याविषयी त्यांच्यावरून काहीही कळत नाही.

मध्यम प्रतीच्या जर्मन सुऱ्यांत साधारणपणे अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि अल्प प्रमाणात मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असते. कठिनता मोजण्याच्या रॉकवेल पद्धतीतील ‘सी’ मापावर ती ५५ ते ५७ भरते. मेजासाठी हे योग्य होय. याहून कठीण, साठच्या वरची पाती स्वयंपाकघरात लाकडावर उत्कृष्ट काम देतात आणि त्यांची किंमतही तशी असते; पण ताटलीवर आपटताच त्यांच्या धारेचे कण उडतात. थोड्या मऊ पात्याची धार तुटत नाही, वळते, आणि वळलेली धार पुन्हा सरळ करता येते. तेव्हा या बाबतीत अधिक किमतीचे ते अधिक चांगले, हा नियम लागू पडत नाही.

नावांवर किती विसंबावे? ‘सोलिंगन’ या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. त्या परिसरात न बनलेल्या सुरीवर ते घालता येत नाही. फ्रान्समधील लाग्योल गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मुठीवर माशीची आकृती असलेल्या देखण्या सुऱ्यांची गोष्ट निराळी आहे. तो आकार जगभर कोठेही तयार होतो, आणि पात्यावर केवळ ते नाव दिसले म्हणून सुरी त्या गावची ठरत नाही. नावापेक्षा वस्तू पाहावी. पाते पाठीकडून डोळ्यासमोर धरून ते सरळ आहे की नाही हे तपासावे. पात्याची लांबी दहा ते तेरा सेंटीमीटर पुरते. पाते व मूठ यांच्या सांध्यात नख अडकत असेल तर तेथे अन्नकण व पाणी अडकणार हे नक्की. लाकडी मूठ हाताला सर्वांत सुखद, पण ती तिघांपैकी एखाद्यानेच नीट सांभाळलेली दिसते. ज्या घरात भांडी रात्रभर पाण्यात पडून राहतात, तेथे ती घेणे व्यर्थ होय. शक्य असल्यास आधी एकच सुरी आणून महिनाभर वापरावी आणि मग पाच आणखी घ्याव्या. दुकानदाराला हे आवडत नाही.

निगा

अगंज पोलाद गंजत नाही याचे कारण त्याच्या पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा. तो ओरखडला तरी हवेतील ऑक्सिजनने पुन्हा जुळून येतो. आता सुरी कठीण व्हावी म्हणून तिच्यात कार्बन घालावा लागतो आणि हा कार्बन थोड्या क्रोमियमला स्वतःशी बांधून ठेवतो. पापुद्र्यासाठी तेवढा क्रोमियम कमी उरतो. म्हणूनच एकाच पाण्यात पडलेले चमचे स्वच्छ निघतात आणि सुऱ्यांवर मात्र तांबूस ठिपके येतात. पुष्कळांना ही कारखानदाराची लबाडी वाटते. ती लबाडी नव्हे. धारेसाठी दिलेली ती किंमत होय.

या पापुद्र्याचा खरा वैरी मीठ. मिठातील क्लोराइड तो जागोजागी भेदते आणि तेथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. तेव्हा जेवण झाल्यावर लगेच सुऱ्या धुता आल्या नाहीत, तरी त्या निदान विसळून ठेवाव्या. खारट रसाने माखलेल्या तशाच रात्रभर ठेवू नयेत. धुताना सौम्य साबण व कापड वापरावे, तारेची घासणी वापरू नये. धुतल्याबरोबर कोरड्या फडक्याने पुसाव्या आणि फडके पाठीकडून धारेकडे धरावे. भांडी धुण्याचे यंत्र वापरणाऱ्यांनी या सुऱ्या त्यातून वगळणे श्रेयस्कर. यंत्रातील क्षारयुक्त पावडर, दीर्घकाळ राहणारी दमट उष्णता आणि भांड्यांची आदळआपट या तिन्ही गोष्टी पात्याला मानवत नाहीत. लाकडी मूठ तर काही महिन्यांतच फाटते. पूर्वी हस्तिदंती आणि हाडाच्या मुठी राळेने बसवलेल्या असत व गरम पाण्यात राळ मऊ होऊन पाते निसटे. जुन्या सुऱ्या कोणाच्या घरी वारशाने आल्या असतील, तर त्यांचे केवळ पातेच ओले करावे. लाकडी मुठीला वर्षातून दोनतीनदा खनिज तेलाचा हात द्यावा. खाद्यतेल कालांतराने चिकट होते.

धार मंद वाटू लागली की प्रथम ती झिजली आहे की केवळ वळली आहे, हे पाहावे. वळलेली धार पोलादी कांबीवर चारपाच वेळा हलक्या हाताने ओढल्यास ठिकाणावर येते. तेवढ्याने काम न झाल्यास दगड घ्यावा. मध्यम बारीक, सुमारे एक हजार क्रमांकाचा दगड या कामाला पुरतो. तो पाण्याने ओला करावा आणि पाते त्यावर पंधरा ते वीस अंशांच्या कोनात धरावे. पात्याची रुंदी दोन सेंटीमीटर असेल, तर त्याची पाठ दगडापासून सुमारे सहा मिलिमीटर वर राहिली की कोन बरोबर येतो. कोन कोणताही असो, तो शेवटपर्यंत बदलू न देणे अधिक महत्त्वाचे. एका बाजूने घासत राहिल्यावर दुसऱ्या बाजूस धातूची अतिसूक्ष्म कड वळून आलेली बोटाला जाणवते. ती बोट धारेवरून आडवे बाहेर नेऊन पाहावी, धारेच्या दिशेने कधीही नाही. मूठ ते टोक सर्वत्र कड लागली म्हणजे बाजू बदलावी. शेवटी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने अगदी हलके घासून ती कड काढून टाकावी. ती राहिल्यास सुरी पहिल्या दिवशी विलक्षण धारदार वाटते आणि दुसऱ्या दिवशी बोथट. बहुतेक हौशी लोक येथेच थांबतात व दोष पोलादाला देतात. लोंबत्या वर्तमानपत्राचा कागद सुरीने न अडखळता कापला गेला, की काम झाले.

दगड हाताशी नसला तर चिनी मातीचा पेला किंवा ताटली पालथी घालावी. तळाच्या गोल कडेवर लेप नसतो, आणि ती खरबरीत कड धार लावण्याच्या दगडासारखीच काम करते. मोठ्या खाचांच्या दातेरी सुरीसाठी निमुळती गोल कांब मिळते. ती प्रत्येक खाचेत, ज्या बाजूने दाते घासलेले आहेत त्याच बाजूने, तीनचार वेळा फिरवावी. रस्त्यावरच्या धारवाल्याकडे सुऱ्या देण्यास हरकत नाही, मात्र तो समोर असावा. कोरड्या चाकावर पाते दाबून ठिणग्यांचा वर्षाव करणे हे कौशल्य नव्हे. त्या उष्णतेने धार जेथे निळसर झाली, तेथले पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तेथे धार टिकणार नाही. पाते मधूनमधून पाण्यात बुडवणारा कारागीर मिळाला तर त्याला चार पैसे अधिक द्यावे.

धार लावलेल्या सुऱ्या खणात सुट्या टाकू नयेत. धारा एकमेकींवर घासून ताटलीइतकेच नुकसान होते, आणि घाईने खणात घातलेल्या हाताचे जे होते ते निराळेच. लाकडी खाचांची फळी किंवा जाड कापडाची घडी पुरेशी आहे; चामड्याच्या म्यानात त्या कायमच्या ठेवू नयेत, कारण चामडे ओलावा धरते. आणि जेवणानंतर ताटल्या उचलताना सुऱ्या मोजून घ्याव्या. संचातील एखादी सुरी कमी असते ती बहुधा चोरीला गेलेली नसते. उरलेल्या हाडांबरोबर कागदी रुमालात गुंडाळली जाऊन ती केराच्या टोपलीत पोचलेली असते, आणि केर भरणाऱ्याला ती दिसत नाही.